रेड्याचे बोल्ट कोणी आवळले

लालबाग, मुंबई
८ मार्च १९६०

गुणाजी,

चिरंजीव लिहावं तर तू माझं तोंड पाहायला तयार नाहीस. राजमान्य राजश्री लिहावं तर तू माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि वर माझ्या बायकोचा भाऊ. म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. राग मानू नकोस. मानलास तरी आधीचा साठाच एवढा आहे की त्यात भर पडलेली कळायची नाही.

हे पत्र समेटाचं नाही, कामाचं आहे. तू उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हणालास ते माझ्या लक्षात आहे, आणि मी त्यावर काय म्हणालो तेही लक्षात आहे. ते असू दे तिथंच.

परवा सहज रे रोडला गेलो होतो. लालबागहून रे रोडला सहज कोण जातं असं विचारू नकोस. मिलमधून निवृत्त झालेल्या माणसाला पाय मोकळे करायला कुठेतरी जावंच लागतं. रामदासशेठच्या वखारीत डोकावलो तर तुझा रेडा ताडपत्रीखाली उभा. तू पंधरा वर्षं चालवलेला ट्रॅक्टर, पण अंगावर कबुतरांनी रांगोळी घातलेली. तू गेल्यावर तीन मेकॅनिक झाले म्हणे. प्रत्येकाने हेड न उघडता नुसतं पाणी ओतत आठ दिवस चालवला आणि नवव्या दिवशी हात टेकले. आता सागाचे ओंडके ओढायला शेठ भाड्याची लॉरी आणतात, आणि लॉरीवाला यांचा अंत पाहतो.

मी हॅन्डल मारलं. अकराव्या फटक्याला उठला. पण काय सांगू, रेडिएटरमध्ये वरणासारखं रटरटतं. हेडच्या सांध्यातून पाणी पाझरतं, मागून पांढरा धूर येतो, आणि ऑइलची काडी बाहेर काढली तर तिला दुधाचा चहा लागलेला. म्हणजे गॅस्केट गेलं, एवढं मला चौतीस वर्षं वाफेच्या इंजिनांत घालवून कळतं. पण तुझा हा घासलेटवर चालणारा प्राणी माझ्या जातकुळीतला नाही. छत्तीस सालच्या या मॉडेलला नवीन गॅस्केट कुठे मिळतं? आणि हेड उतरवताना काही खोडी आहे का?

एका ओळीत उत्तर दिलंस तरी चालेल.

तुझी ताई बरी आहे. दोन्ही भाऊबिजांना गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळून आली. ज्यांना भाऊ नाही त्या बायकांची ती रीत, पण हिने कुणाला विचारलं नाही आणि मी काही बोललो नाही. हे मी तुला लिहिणार नव्हतो.

बुधाजी

*

लालबाग
२१ मार्च १९६०

गुणाजी,

तुझं कार्ड मिळालं. मी एका ओळीत चालेल म्हटलं तर तू खरोखरच एक ओळ लिहिलीस. 'हेड उतरवा. कुठला बोल्ट किती जोराने सुटतो ते लिहा.' बाकी सगळं कार्ड कोरं. टपालखात्याने राजापूरपासून लालबागपर्यंत कोरा पुठ्ठा वाहून आणला, त्यांना पुण्य लागेल. ताईला नमस्कार लिहायला जागा पुरली नाही वाटतं.

तर ऐक. हमालांचा मुकादम रघुवीर आणि मी, दोघांनी पाणी सोडलं, नळ्या काढल्या आणि बोल्ट सोडले. एकंदर तेरा. एका बाजूचे दोन असे बसलेले की पान्याला पाइप लावून मी आणि रघुवीर दोघं लोंबकळलो. रघुवीर तुला माहीतच आहे, दोन पोत्यांचा माणूस. आणि दुसऱ्या टोकाचे तीन नुसत्या बोटांनी फिरले. असं का असावं, यावर मी विचार केलेला नाही.

चेनपुलीने हेड उचललं. दोन नंबर आणि तीन नंबर सिलेंडरच्या मध्ये गॅस्केट जळून कोळसा. घरी तुझी ताई, कमळ, विचारत होती, गॅस्केट म्हणजे काय हो. मी म्हटलं, इंजिनाचा डबा आणि त्याचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये बसतं ते. नसलं तर आतली वाफ पाण्यात, पाणी तेलात आणि सगळ्यांचं भांडण. ती म्हणाली, मग आपल्या घरात ते कोण होतं? मी चहा प्यायला लागलो.

ऑपेरा हाउसच्या मागे मोटारीच्या सुट्या भागांची जेवढी दुकानं आहेत तेवढी पालथी घातली. शेवटच्या दुकानातल्या पारशीबाबाने ते जळकं गॅस्केट दोन बोटांत धरलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, 'काका, लढाई संपल्यावर हे मागायला आलेले तुम्ही पहिले. बाहेरून माल येत नाही. जाड तांब्याचा पत्रा घ्या नि कापून घाला.' बसायला स्टूल दिलं त्याने. भला माणूस.

म्हणून गेलो तांबाकाट्यावर, धोंडू तांबटाकडे. आमच्या लग्नातले हंडे त्याच्या बापाने केलेले. जुनं गॅस्केट नमुन्याला दिलं, म्हटलं, यातलं एक भोकसुद्धा इकडचं तिकडे होता कामा नये, आणि काम चांगलं कर. चार दिवसांनी गेलो तर गड्याने फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. उघडलं आणि गुणाजी, माझे डोळे दिपले. पठ्ठ्याने सगळा पत्रा मठारला होता. लहान हातोडीचे ठोके, एकाशेजारी एक, ओळीत, लखलखीत. घंगाळावर असतात तसे. देवघरात ठेवावं असं गॅस्केट मुंबईत आजवर झालं नसेल. मीही येडा, हरखून गेलो. रस्त्यात दोघांना उघडून दाखवलं.

काल बसवलं. वखारीतले सगळे गोळा झाले. रामदासशेठ पांढरंशुभ्र धोतर नेसून, नवी टोपी घालून बाजूला उभे. हॅन्डल मारलं, रेडा उठला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या दोन मिनिटांत चारही बाजूंनी पिचकाऱ्या सुटल्या. प्रत्येक ठोक्याच्या खळग्यातून एक धार. होळी होऊन आठवडा झाला होता, पण शेठ नखशिखान्त भिजले. टोपी पिळत म्हणाले, 'बुधाजीकाका, माझी अंघोळ सकाळीच झाली होती.' मग स्वतःच हसायला लागले, म्हणून बाकीच्यांना हसता आलं. रघुवीर तर ओंडक्यावर आडवा झाला.

आता पुढे काय करू ते सांग. दोन ओळी लिहिल्यास तरी मी हरकत घेणार नाही.

बुधाजी

गुणा, मी ताय लिवतंय. तेंनी तुका सगळा सांगूक नाय. शेट म्हणालो, रेडो चालू झालो तर गुणाजीक परत कामार बोलवतलंय, नायतर भंगारात घालतलंय. म्हणान हे रोज उन्हातून थंय जातत. सहज बिहज काय नाय. तू हयसर ये रे बाबा.

*

लालबाग
२८ मार्च १९६०, गुढीपाडवा

गुणाजी,

आधी तुझ्या ताईचा समाचार घेतो. माझ्या पत्राखाली तिने काय खरडलं ते मला पत्र पेटीत पडल्यावर कळलं. तेही तिने स्वतः सांगितलं, श्रीखंड वाढता वाढता. प्रौढ साक्षरतेच्या वर्गाला मीच तिला घातलं होतं, आता भोगतो आहे.

तर कळलंच आहे तुला. हो, शेठने तसं म्हटलं आहे. पण म्हणून मी तुझ्यावर उपकार करतो आहे असं डोक्यात घेऊ नकोस. मला घरी बसवत नाही, एवढंच.

आता तुझं कार्ड. तीन ओळी आल्या, म्हणजे प्रगती आहे. पहिली ओळ, 'तांबं लालबुंद तापवा आणि पाण्यात टाका.' वाचून मी म्हटलं, गुणाजीला गावचं ऊन लागलं. अरे, लोखंड लाल करून पाण्यात टाकलं की कडक होतं हे मिलमधल्या उंदरालासुद्धा माहीत. इथं मऊ गॅस्केट पाहिजे आणि हा कडक करायला सांगतो. दोन दिवस मी तुझं कार्ड खिशात घेऊन तुझ्याशी भांडत हिंडलो. रस्त्यात एकटाच हातवारे करत होतो म्हणे.

शेवटी तांबाकाट्यावर जाऊन धोंडूला कार्ड दाखवलं. तो इतका हसला की हातातला हातोडा खाली ठेवावा लागला. म्हणाला, 'काका, तांब्याचं उलटं असतं. ठोकलं की रागावतं, तापवून पाण्यात बुडवलं की मऊ होतं.' मी म्हटलं, मग मेल्या, तू ठोकून ठोकून त्याला एवढं कडक का केलंस? तर म्हणतो, 'तुम्ही म्हणालात काम चांगलं कर. आमच्यात चांगलं म्हणजे मठारलेलं. खराब कर म्हणाला असतात तर सपाट दिलं असतं.'  त्याने नवीन पत्रा सपाट कापून दिला, भट्टीत लाल केला, पाण्यात टाकला. हातात घेतला तर चामड्यासारखा वळतो. चौतीस वर्षं लोखंडात काढली आणि साठाव्या वर्षी तांबं शिकलो.

मग हेड तपासलं. कमळच्या डबीतलं काजळ तेलात कालवून हेडला फासलं आणि इंजिनावर टेकवून उचललं. जिथे काजळ उमटलं नाही तिथे खळगा. मधोमध चांगला पोटात गेलेला. उंचवटे खरवडायला आठ दिवस स्क्रेपर घेऊन बसावं लागणार. कमळ काजळाची डबी परत मागते आहे.

दुसरी ओळ, 'बोल्ट मधून सुरू करून बाहेर, तीन फेऱ्यांत.' समजलं.

तिसरी ओळ, 'मागच्या खेपेला गोल कोणी आवळले होते?' याचा आता काय संबंध ते मला कळलं नाही. रेड्याला इतक्या लोकांनी हात लावला, कोण कसं आवळतं ते कोण लिहून ठेवतं. जुनं उकरून काढायची तुझी सवय गेली नाही.

पाडव्याच्या दिवशी जास्त लिहीत नाही. चाळीत यंदा गुढीसारखी गुढी उभी राहिली आहे. एक मेपासून मुंबईसह महाराष्ट्र होणार, ते आता नक्की झालं. पोरं आत्तापासून पताका कापायला बसली आहेत. तू असतास तर सगळ्यांच्या पुढे असतास.

बुधाजी

*

लालबाग
९ एप्रिल १९६०

गुणाजी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे. दोन फाडली. कमळने विचारलं, एवढं काय लिहिता, मी म्हटलं गॅस्केटचं.

गोल मी आवळले होते.

झालं. लिहून झालं. आता बाकीचं सांगतो.

सत्तावन्न सालच्या नोव्हेंबरात तू प्रतापगडला गेलास, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात पंतप्रधानांना काळी निशाणं दाखवायला. तीन दिवस बदली म्हणून मला वखारीत उभं करून गेलास, सीटवर एक लॉरीवाला आणि इंजिनाकडे बघायला मी. शेठला तू शब्द दिला होतास की काम अडणार नाही. दुसऱ्या दिवशी हेडच्या सांध्याशी थोडं पाणी दिसलं. थोडंसंच, पुसलं तर अर्ध्या तासाने परत यायचं. तुझी वाट बघायला काय झालं होतं? पण मी मिलचा फिटर. मला पाणी गळताना दिसलं की हात शिवशिवतात. मी पान्याला पाइप लावला आणि बॉयलरच्या झाकणाला आवळतो तसे आवळले. एका टोकापासून सुरुवात, प्रदक्षिणा घालत, शेवटचा आला की पुन्हा पहिला. चौतीस वर्षं मी तसंच आवळलं आणि एक थेंब कधी गळला नाही. पण बॉयलरचं झाकण गोल आणि जाड. तुझं हेड लांबट. एका बाजूने दाबत गेलो तशी दुसरी बाजू उचलली, मधे पोट पडलं. ते त्या दिवशी मला कळलं नाही. गळणं थांबलं म्हणून मी खूश होतो.

तू आलास आणि दोन दिवसांत गॅस्केट फुटलं. ओंडके तसेच पडून राहिले, ज्याला द्यायचे तो गोदीतला माणूस आरडाओरडा करून गेला. शेठ सगळ्यांसमोर तुला म्हणाले, 'मोर्चे करत हिंडतोस आणि मशीनकडे लक्ष नाही. उद्यापासून येऊ नकोस.' मी तिथेच उभा होतो. मला शंका आली होती. शंका नाही, खरं लिहायचं तर खात्रीच होती. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. आणि संध्याकाळी चाळीत लोक विचारायला लागले तेव्हा, मला स्वतःचीच भीती वाटत होती म्हणून, मी मोठ्याने म्हणालो की मोर्चेवाल्यांनी मशीनला हात लावू नये. तू ऐकलंस. कमळने ऐकलं. तू ट्रंक उचललीस.

दोन वर्षं चार महिने झाले. एवढ्या दिवसांत मी सांगितलं असतं तर शेठने तुला दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं. मी का सांगितलं नाही? लाज, दुसरं काय. मिलमध्ये माझ्या हाताखाली बावीस फिटर होते. मी चुकलो हे मला मेहुण्याला सांगायचं नव्हतं.

आज का लिहितो आहे तेही सांगतो. काल हेड चढवलं. मधून बाहेर आवळलं, तीन फेऱ्यांत, तू सांगितलंस तसं. पाणी भरलं, हॅन्डल मारलं, रेडा चौथ्या फटक्याला उठला. अर्धा तास चालवला. एक थेंब नाही. रेडिएटरमध्ये पाणी शांत. मी बोटाने सांधा चाचपला, कोरडा. गुणाजी, मी साठ वर्षांचा माणूस तिथल्या तिथे नाचलो. हमाल नाचले. रघुवीरने पेढे आणले आणि माझ्या तोंडात एक कोंबून सगळ्यांना म्हणाला, 'गुणाजीने बिघडवलं आणि काकांनी दुरुस्त केलं.'

सगळे हो हो म्हणाले. पेढा माझ्या तोंडात होता, मी गिळला. 

मला तुझ्याकडून काही नको. तू ओरड, शिव्या दे, कार्ड कोरं पाठव. पण माफ कर असं मी म्हणतो आहे, आणि हे माझ्याच हाताने लिहिलं आहे.

बुधाजी

*

लालबाग
२० एप्रिल १९६०

गुणाजी,

अकरा दिवस झाले, तुझं कार्ड नाही. पोस्टमन दिसला की कमळ जिन्यात जाऊन उभी राहते. तिला मी सगळं सांगितलं.  तिने माझं ताट वाढलं आणि स्वतः जिन्यात जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, 'मला सांगितलंत, आता वखारीत जाऊन सांगा.'

गेलो. हमाल जेवायला बसले होते, शेठ गादीवर होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की रेडा गुणाजीने बिघडवला नव्हता, मी बिघडवला होता. रघुवीरच्या हातात भाकरी तशीच राहिली. शेठ गादीवर पुढे सरकून बसले. मग म्हणाले, 'मी त्या माणसाला काढलं तेव्हा तुम्ही इथे उभे होता.' मी म्हटलं, हो. ते म्हणाले, 'मी त्याला काय काय बोललो ते तुम्ही ऐकलं.' मी म्हटलं, हो. मला वाटलं आता हाकलतात. ते उठले, रेड्याजवळ गेले, त्याच्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, 'काका, मग आपण दोघांनी त्याला बोलावलं पाहिजे. एकट्या तुमच्या पत्राने तो कशाला येईल?' सोबतची चिठ्ठी त्यांची आहे. अक्षर मुनिमाचं आहे, पण मजकूर शेठने तोंडाने सांगितला, मी समोर होतो. त्यात चूक झाली असं लिहिलं आहे. शेठलोक असं रोज लिहीत नाहीत.

आता दुसरी गोष्ट. आपल्या चाळीने एक मेला चित्ररथ काढायचं ठरवलं आहे. लालबागहून निघून परळ, दादर, थेट शिवाजी पार्कपर्यंत. शेठने रेडा दिला आहे, ओंडक्यांची ट्रॉली दिली आहे. मी म्हटलं, शेठ, तुम्ही कच्छी, तुम्हाला चालेल ना? तर म्हणाले, 'मुंबई तुम्हाला मिळाली, ट्रॅक्टर तरी संध्याकाळी परत आणा.' ट्रॉलीवर बांबूचा रायगड उभा राहतो आहे. जिजाबाई व्हायला चाळीतल्या अकरा जणी तयार आहेत, त्यावरून रोज नळावर तंटे.

सगळं आहे, फक्त रेडा चालवणारा नाही. मला हॅन्डल मारता येतं, गिअर टाकता येत नाही. काल प्रयत्न केला आणि रेडा मागे जाऊन सागाच्या ढिगाऱ्यावर चढला. कोणाला लागलं नाही. रघुवीर म्हणतो, कोणीतरी लॉरीवाला बघू. मी म्हटलं, बघायचा नाही.

आणि बोल्ट एकदा तापून गार झाल्यावर पुन्हा आवळायचे असतात, ते मी आवळलेले नाहीत. तो फेर तुझा आहे. तू आला नाहीस तर रेडा उभा राहील, चित्ररथ आम्ही हातांनी ओढू, पण त्या बोल्टांना मी हात लावणार नाही.

ये रे. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

बुधाजी

*

लालबाग
३ मे १९६०

राधा,

तुझ्या नवऱ्याचे हात ग्रीसने भरले आहेत म्हणून पत्र मी लिहितो आहे. तो सुखरूप आहे. दोन वेळा जेवतो, ताई तिसऱ्या वेळेचंही वाढते. करी रोडला एक खोली बघितली आहे, पोरांची शाळा सुरू व्हायच्या आत तुम्ही सगळे या. रेडा वखारीत आहे, शेठने त्याच्यासाठी नवी ताडपत्री घेतली. गुणाजी कालपासून कामावर आहे.

परवाचं तर काय सांगू तुला. सगळा गिरणगाव रस्त्यावर. गुलाल एवढा की रेड्याचा रंग ओळखू येईना. गुणाजी सीटवर आणि मी मडगार्डवर, एका हाताने पताका आणि दुसऱ्या हाताने जीव धरून. रायगड परळच्या पुलाखाली अडकला, वरचे दोन बुरूज काढून हातात घ्यावे लागले. शिवाजी पार्कपर्यंत एक थेंब पाणी गळलं नाही. जिजाबाई शेवटी तिघी झाल्या, तिघी एकाच वेळी हात हलवत होत्या.

आणि चाळीच्या दारातून रथ निघायच्या आधी तुझी नणंद ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली. मागे लेझीम, ताशे, पाचशे माणसं. तिने कुणाकडे पाहिलं नाही. गुणाजीला खाली उतरवलं, रस्त्यात पाट मांडला, बसवलं आणि ओवाळलं. मग तेल घालून पुन्हा ओवाळलं. ताशेवाल्याने विचारलं, दोनदा कशाला? ती म्हणाली, 'माझ्या दोन राहिल्या आहेत, वाजव तू.' त्याने वाजवलं. मी रडलो हे गुणाजी तुला सांगेलच, म्हणून मीच सांगतो.

पण तुला लिहायचं आहे ते आदल्या दिवसाचं. तीस तारखेला सकाळी मी वखारीत होतो. त्याने येणार असं कळवलं नव्हतं. भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरला आणि ट्रंक खांद्यावर घेऊन सरळ रेड्याकडे आला. माझ्याकडे बघितलं नाही. ट्रंक ठेवली, हॅन्डल मारलं, डोळे मिटून ऐकत राहिला. गरम झाल्यावर बंद केला. गार होईस्तोवर ओंडक्यावर बसून राहिला. आम्ही दोघं एकाच ओंडक्यावर, मधे दोन हात अंतर, तासभर. रघुवीरने दोघांना चहा आणून दिला आणि गेला.

मग गुणाजीने पाना उचलला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, 'आवळा.' मी म्हटलं, हा फेर तुझा आहे. तो म्हणाला, 'मी क्रम सांगतो, तुम्ही आवळा.'

मधला पहिला. मग त्याच्या डावीकडचा, मग उजवीकडचा. तो बोट ठेवायचा, मी आवळायचो.  सहाव्या की सातव्या बोल्टाशी मी विचारलं, 'माझं पत्र मिळालं?'

'मिळालं.'

'मग काही बोलत का नाहीस?'

तो म्हणाला, 'भावोजी, गॅस्केट फुटलं त्याच दिवशी मी पाना लावून बघितला होता. एका बाजूला दगड, एका बाजूला सैल. मुंबईत असं गोल आवळणारा एकच माणूस मला माहीत होता.'

मी म्हटलं, 'मग शेठ बोलले तेव्हा तू सांगितलं का नाहीस?'

राधा, तुला हे ठाऊक होतं का गं? तू दोन वर्षं चार महिने त्याच्या बरोबर त्या घरात होतीस.

तो म्हणाला, 'मी सांगितलं असतं तर ताईला आपल्या दोघांतला एक निवडावा लागला असता. तिने तुम्हाला निवडलं असतं तर मला सोसलं नसतं. आणि मला निवडलं असतं तर तिला सोसलं नसतं. म्हणून मीच गेलो. तुम्ही कधी सांगता तेवढीच वाट बघत होतो.'

माझा पाना बोल्टावरच थांबला. मला पुढचं काही दिसेना.

तो म्हणाला, 'थांबू नका, भावोजी. अजून सहा राहिलेत.'

मग मी ते सहा आवळले.

बुधाजी